संदर्भ सापडला नाही

पडद्यावर पुन्हा तेच उमटलं. ‘संदर्भ सापडला नाही.’

प्रोग्रामरनं चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासूनची ही अकरावी वेळ. दोन वाजायला आता पस्तीस मिनिटं उरली होती.

काचेच्या दारापलीकडे बाकावर एक जोडपं बसलं होतं. बायको शिवणकाम करायची, नवरा ट्रक चालवायचा. परवा दुपारी दोनला केंद्रीय दत्तक कार्यालयाच्या संगणकानं कळवलं होतं, की दोन वर्षांची एक मुलगी यांच्यासाठी राखून ठेवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत होकार पोचला नाही, तर ती आपोआप रांगेतल्या पुढच्या जोडप्याकडे जाणार. यांनी तासाभरात होकार दिला होता. दत्तक केंद्रानं तो लगेच पाठवलाही होता. तो तिकडे पोचलाच नाही, हे आज सकाळी कळलं.

“नेमकं अडलंय कुठं? मला समजेल असं सांग.” केंद्राच्या प्रमुख खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत.

“आपला संगणक त्यांच्या संगणकाला ‘सोप’ नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं निरोप धाडतो, बाई. लिफाफाच समजा. आत बॉडी, म्हणजे मजकूर, यांचा होकार. वर हेडर. निरोप कुणाचा, कुठल्या बोलण्याच्या पुढचा, ते त्यात असतं. सोमवारपासून त्यांनी नियम बदललाय. मूल राखल्याचं कळवताना ते एक संदर्भ क्रमांक देतात, तो आपल्या हेडरमध्ये हवाच. नसला तर आतलं वाचतच नाहीत.”

“मग घाल की तो क्रमांक!”

“त्यांनी तो परवाच्या हेडरमध्ये पाठवला होता. आपण हेडर ठेवतच नाही. बॉडी घेतो, बाकीचं टाकून देतो.”

“हे कुणी असं करून ठेवलंय?”

“मीच. सहा वर्षांपूर्वी. तेव्हा त्यात कामाचं काही नसायचं.”

मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रागावून चार शब्द बोलल्या असत्या तर प्रोग्रामरला बरं वाटलं असतं.

दुरुस्ती तिनं अकरा वाजताच उरकली होती. आलेलं हेडर जपायचं, त्यातला क्रमांक पुढच्या निरोपावर चढवायचा. आठ-दहा ओळींचं काम. चाचणीही झाली, सगळं सुरळीत. यापुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाचा निरोप न अडखळता जाणार होता. परवाचं हेडर तेवढं कुठंच उरलं नव्हतं. तिनं सगळ्या नोंदी उपसल्या. नोंदींतही नुसता मजकूर होता.

तिनं केंद्रीय कार्यालयाच्या मदतकक्षाला चौथ्यांदा फोन लावला. पलीकडचा माणूस सकाळपासून तोच होता आणि गोड बोलत होता.

“मॅडम, तुमचा मजकूर अगदी बरोबर आलाय. मला इथं दिसतोय.”

“दिसतोय ना? मग होकार धरा तो.”

“मी धरून काय उपयोग? सिस्टीमनं धरायला हवा.”

“क्रमांक तरी सांगा.”

“क्रमांकही दिसतोय. पण फोनवर द्यायची मनाई आहे. तुम्ही मूल राखायची विनंती पुन्हा पाठवून बघा ना, नवा क्रमांक येईल.”

“तीही पाठवली. आधीच राखलेलं आहे म्हणतंय. आमच्याच नावावर.”

पलीकडून कळफलक बडवल्याचा आवाज आला. “थांबा मॅडम. साहेबांना विचारून येतो. फोन ठेवू नका.”

कानात पेटीचे तेच ते चार सूर वाजायला लागले. तिनं कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. काचेपलीकडे बायकोनं पिशवीतून काहीतरी काढून नवऱ्याला दाखवलं. लहानसा फ्रॉक होता, काखेची शिवण उसवून थोडा सैल करावा का, असं काहीसं ती बोटानं दाखवत होती. प्रोग्रामरनं खुर्ची फिरवली आणि तिकडे पाठ केली.

दोन वाजून गेले. सूर थांबले नाहीत.

“मॅडम!” तो धावत आल्यासारखा धापा टाकत होता. “साहेब मीटिंगमधून उठले. परवानगी दिली. लिहून घ्या.”

सोळा आकडे होते. तिनं ते लिहिले, परत वाचून दाखवले, हेडरमध्ये घातले आणि निरोप सोडला. या वेळी उत्तर लगेच आलं. संदर्भ सापडला होता. निरोप ओळखला गेला होता. खाली एकच ओळ होती: मुदत संपली.

दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

“आता मागे घेता येत नाही का?” तिनं विचारलं.

“पुढच्यांना कळवलंसुद्धा, मॅडम.” तो हळू आवाजात म्हणाला. “दोनच्या ठोक्याला.”

मोठ्या बाई दाराकडे वळल्या. “थांबा,” ती म्हणाली, “मी सांगते.”

बाकासमोर उभी राहिल्यावर लिफाफा, हेडर, क्रमांक यातलं काहीच तिच्या तोंडून निघेना. चूक माझी आहे, एवढं म्हणाली. मूल दुसऱ्यांकडे गेलं, एवढं म्हणाली.

नवरा उठून उभा राहिला. “आम्ही तर लगेच सही केली होती. तुमच्या समोरच केली होती ना?” मग त्याचा आवाज खाली आला. “एकदा परत पाठवून बघा की.”

प्रोग्रामरनं नकारार्थी मान हलवली.

बायको बसूनच होती. फ्रॉकची घडी तिनं मांडीवर दाबून धरली होती. तिनं वर पाहिलं.

“म्हणजे त्या पोरीला कधी कळणारच नाही,” ती म्हणाली, “आम्ही हो म्हणालो होतो ते?”