तीनशे स्वच्छ फोटो

जुनं लाकडी नाटकगृह जळून खाक झालं, त्याला अकरा वर्षं झाली. आता त्या मोकळ्या जागेवर पर्यटक डोळ्यांना डिजिटल चष्मा लावतात आणि नाटकगृह जसंच्या तसं समोर उभं राहतं. हे सगळं तयार झालं फोटोग्राफरकाकांच्या जुन्या फोटोंवरून, म्हणून पहिल्या दिवशी पहिला मान त्यांचा.

“कमाल आहे बाई तुमची, काका!” चष्मा लावून देणारी मुलगी म्हणाली. “तीनशे फोटो, पण एकातही कुणी मध्ये कडमडलेलं नाही. म्हणून तर दारावरचं नक्षीकाम सगळंच्या सगळं मिळालं.”

काका हसले नाहीत. दाराकडे पाठ करून ते डावीकडच्या खांबापाशी काहीतरी शोधत राहिले.

“अहो काका, दार इकडे आहे. तिकडे कुण्णी नाही!”

“हो गं, दिसतंय मला.”

 

दर फोटोच्या वेळी, ‘मध्ये येतेस, जरा बाजूला हो,’ असं म्हणून त्यांनी बायकोला त्याच खांबाआड उभं केलं होतं, आणि ती गेल्यावर भिंतीवर लावायला घरात तिचा एक धड फोटो निघाला नव्हता.