मागची होडी

खाडीत रोवलेल्या काठीला वळसा घालून होडी परत फिरली आणि मागच्या होडीचा आवाज बदलला. किनारा अजून आठशे हातांवर होता.

येसाजीने हात थांबवले नाहीत. कान तेवढे मागच्या होडीला लावले. वल्हं पाण्यात नीट पुरलं की आवाज दबका येतो. वरवर फिरवलं की चपचपतं. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूने दृष्टी नेली, तेव्हापासून खाडी त्याला कानांनीच कळत होती. मागच्या होडीची सहाही वल्ही चपचपत होती. सहाही एकदम.

त्या होडीत पहिल्या फळीवर त्याचा मुलगा निकेत होता.

नारळी पौर्णिमेच्या या शर्यतीत एका होडीत तिघे वल्हवतात, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. चौथा सुकाणू धरतो. जी होडी पहिली येते तिच्या लोकांनी गावाचा नारळ समुद्राला द्यायचा. निकेतची होडी पाच वर्षं पहिली येत होती. त्याआधीची कित्येक वर्षं येसाजीची येत होती.

यंदा मुंबईच्या एका संस्थेने अपंगांसाठी नवी होडी दिली. बसायला पाठीची फळी, कमरेला पट्टा, चढायला उतरती घडवंची. येसाजीच्या मागे जनी बसली. तिचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले, पण मासळीच्या पाट्या उचलून दंड घट्ट झालेले. तिच्या मागे कमळ. कमळला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणून येसाजी टाच आपटून ठेका द्यायचा आणि कमळ तो तळव्यांनी धरायची. सुकाणूवर शाळेतला मास्तर रत्नपाल. त्याला एकच हात होता. सुकाणूला एक पुरतो.

दोन महिने भरतीची वेळ साधून त्यांनी सराव केला. "काका, टाच जपून हो," जनी म्हणायची, "संस्थेच्या होडीला भोक पडंल."

गावकीच्या बैठकीत मात्र वेगळंच ठरत होतं. या होडीची शर्यत आधी उरकून घ्यायची. एकटीनेच जायचं, एकटीनेच यायचं. चौघांनाही पदक.

येसाजी उभा राहिला होता. "वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते. डोळे असून तरी पुढचं कुठं दिसतं त्याला? जोर हातात लागतो. मग आम्हाला वेगळं काढता कशाला?"

"आणि हरलात तर?"

"हरू की. पण शर्यतीत हरू."

शेवटी गावकीने मान्य केलं. होडीचं नाव बाकीच्या होड्यांबरोबर लागलं. निकेत बैठकीत मागे बसला होता. तो घरी जाताना बापाचा हात धरून चालला.

आता होडी वाळूला लागली. भोंग्यावरून आवाज आला, "जिद्दीपुढं समुद्र हरला!" टाळ्या पडल्या. रत्नपाल एका हाताने सुकाणूवर थापा मारत ओरडत होता. लोकांनी येसाजीला उचलून खाली उतरवलं. त्याला उतरता येत होतं.

निकेतची होडी थोड्या वेळाने लागली. तो धावत आला, बापाच्या पाया पडला.

"बाबा, आज तुमचा मान."

येसाजीने चाचपडत त्याच्या छातीवर तळहात ठेवला. पाव कोस वल्हवून आलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलते. ही जेवून उठलेल्या माणसासारखी हलत होती.

"दम लागला न्हाय तुला?"

"लागला की."

"कुठं?"

निकेत जवळ सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सगळ्याच होड्यांनी ठरवलं, बाबा. मी एकटा काय करणार होतो?"

"वल्हवायचं होतं," येसाजी म्हणाला.

कोणीतरी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्याच्या हातात दिला. कोणीतरी तोंडासमोर माईक धरला. गाव थांबलं. एक वाक्य पुरलं असतं. नारळ निकेतच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, ही शर्यत झालीच नाही. येसाजीने तोंड उघडलं.

मग त्याला जनी आठवली. तिची उमर चाळीस. किनाऱ्यावर बसून तिने दुसऱ्यांच्या होड्या मोजल्या होत्या. आज पहिल्यांदा ती शर्यतीच्या एका होडीत होती आणि ती होडी पहिली आली होती. कमळचंही तेच. तिला तर चपचप ऐकूही आली नसणार. ऐकली ती आपण एकट्याने. मग गिळायचीही एकट्याने.

"माझ्या पोरींनी वल्हवलं," तो माईकमध्ये म्हणाला. "मी नुसती टाच आपटली."

लोक हसले. पुन्हा टाळ्या झाल्या. येसाजी गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने नारळ समुद्राला दिला. ज्या हातांनी कित्येक वर्षं तो दिला होता, त्याच हातांनी. आज मात्र तो लवकर सोडला.

होडीच्या मागच्या अंगाने तो परत आला तेव्हा जनी अजून होडीतच होती. तिला उतरवायला घडवंची आणायची राहून गेली होती. कमळ तिच्या शेजारी होती. रत्नपाल काठाला टेकून उभा होता.

"अगं, जिंकलो आपण!" तो जनीला म्हणत होता. "दोघींची तोंडं अशी का?"

"मास्तर, तुमचं तोंड किनाऱ्याकडं होतं. आमचं मागच्या होडीकडं." जनीने आवाज खाली आणला. "वल्ही नुसती पाण्यावर फिरवत होते आणि हसत होते. कमळनं पयलं बघितलं, मंग मी. येसाकाकांना सांगू नका हां. तेंना दिसलं न्हाय तेच बरं झालं."