हिचा पासवर्ड

“पासवर्ड फक्त हिलाच माहीत होता,” हेडमास्तर म्हणाले. “आणि ही गेली. सात महिने झाले.”

कॉम्प्युटरवाल्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली नाही. ज्याचं यंत्र, त्याच्या शब्दाशिवाय कुलूप काढायचं नाही, असा त्याचा नियम होता. वारसाने मागितलं तर आधी कागद बघायचा. बावीस वर्षं घरोघरी अपडेट घालताना, व्हायरस काढताना आणि ‘पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवू नका, चोराला आवतण कशाला?’ असं फुकटचं ज्ञान वाटताना त्याने हा नियम कधी मोडला नव्हता.

“काही कागद असेल ना, सर?”

हेडमास्तरांनी मान खाली घातली. “त्या कागदांना अजून हातच लावला नाही मी. धीर होत नाही.”

हे मात्र त्याला बरोबर समजलं. त्याची स्वतःची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. गॅसची नोंद अजून तिच्याच नावावर होती. संध्याकाळी घरी पोचला की किल्ली काढण्याआधी तो अजूनही एकदा बेल वाजवायचा. आत कुणी नाही हे ठाऊक असताना.

“दाखवा कुठे आहे ते,” तो म्हणाला.

कॉम्प्युटर मागच्या लहान खोलीत होता. एक टेबल, एक अरुंद पलंग, एक उघडं कपाट. कपाटात नुसते हँगर लटकत होते. साड्या वाटून टाकल्या असणार. आपल्याला ते अजून जमलं नाही, असं त्याच्या मनात आलं. खोलीच्या दाराला कडी होती ती बाहेरून. जुन्या घरांत कुठली कडी कुठे असेल याचा नेम नसतो.

त्याने पेनड्राइव्ह लावला. वीस मिनिटांत जुना पासवर्ड निघाला आणि नवीन बसला. लगेच सात महिन्यांचे तुंबलेले अपडेट सुरू झाले.

“आता मध्येच बटण दाबायचं नाही हं, सर. अर्धवट राहिलं तर यंत्र धड इकडचं ना धड तिकडचं.”

“किती वेळ?”

“तासभर तरी.”

हेडमास्तर त्याच्या पाठीशी उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“घर खायला उठतं ना?” त्याने विचारलं. एरवी तो गिऱ्हाइकाशी असलं बोलत नसे. “मी तर सुरुवातीला दोन ताटं घ्यायचो. मग एक परत मांडणीवर.”

“पस्तीस वर्षं एकदाही एकटं कुठे जाऊ दिलं नाही मी हिला,” हेडमास्तर म्हणाले. “भाजी आणायलासुद्धा मी बरोबर. हा कॉम्प्युटर तेवढा हट्टाने घेतला तिने.”

कॉम्प्युटरवाल्याला आपली लाज वाटली. तो बायकोबरोबर भाजीला किती वेळा गेला होता? बोटांवर मोजण्याइतका.

“त्यांचा मोबाइल असेल ना? त्यातही फोटो असतील.”

“तोही तिच्याबरोबरच गेला.”

अपघात असावा. त्याने पुढे विचारलं नाही.

अपडेट संपले. त्याने फोटो उघडले. कुठल्याशा लग्नातला एक फोटो होता, त्यात चष्मा लावलेल्या, ओठ मिटलेल्या एक बाई. तो जरा बाजूला सरकला, हेडमास्तरांना नीट दिसावं म्हणून.

“फोटो राहू द्या,” हेडमास्तर म्हणाले. “मेल उघडतो का बघा.”

मेल उघडला. खातं सुरूच राहिलं होतं. अशा वेळी तो जे सगळ्या घरांत करायचा तेच त्याने केलं. खात्याच्या सुरक्षेचं पान उघडलं आणि खातं कुठे कुठे चालू आहे ती यादी बघितली.

यादीत दोन नावं होती. एक हा कॉम्प्युटर. दुसरा एक फोन. त्यापुढे लिहिलं होतं, ‘आत्ता सुरू’.

“सर!” तो ताडकन उठला. “काकूंचा फोन कुणीतरी वापरतंय! चोराच्या हाती लागलाय!”

“कुठे आहे तो?” हेडमास्तरांचा आवाज अगदी शांत होता. “समजेल?”

“समजेल म्हणजे काय, दारापर्यंत नेऊन सोडेन तुम्हाला.” मेलेल्या बाईच्या वस्तूवर कुणी हात मारावा, याने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याने बटण दाबलं. नकाशा उघडला, मोठा होत गेला. दुसरं गाव, बसने तीन तासांवरचं. एक गल्ली. इमारतीचं नाव. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. हेडमास्तरांनी खिशातल्या डायरीत सुवाच्य अक्षरात ते उतरवून घेतलं.

“पोलिसांना द्या हे.”

“नको,” हेडमास्तर म्हणाले. “मीच जातो.”

“थांबा, एकटे जाऊ नका. आधी त्या चोराला जरा हलवतो.”

खात्याच्या माहितीत अलीकडेच टाकलेला एक नवा नंबर होता. त्याने आपल्या मोबाइलवरून तो लावला. चार वेळा वाजला. मग कुणीतरी उचलला. एका बाईचा दबलेला आवाज आला, “कोण?”

“मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलतोय,” त्याने दरडावलं. “हा फोन कुणाचा आहे माहितीये तुम्हाला? मी त्यांच्या यजमानांच्या घरातूनच बोलतोय. नकाशावर तुमचं घर दिसतंय मला.”

 

“भाऊ,” ती बाई म्हणाली, “फोन माझाच आहे. यांनी बघितला का तो नकाशा?”

कॉम्प्युटरवाल्याने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं, आणि खोलीचं दार बाहेरून लावलेलं होतं.