भगवानकाकांची तीन कारणं

तेजस्वीने बॅटरीची वायर काढली, अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि तरीही इंजिन धुवावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

बुवापाड्यात घरासमोरच ट्रक उभा होता, केबिन पुढे कलंडवलेली. बाबा गेल्यापासून तो हलला नव्हता. दुपारी तो विकत घ्यायला उल्हासनगरहून पार्टी येणार होती. त्यांनी फोनवर एकच अट घातली होती: इंजिन साफ हवं, त्यावरचा नंबर गाडीच्या कागदाशी जुळवून बघणार. आज सौदा झाला तरच तेजस्वीच्या एम.एस्सी.ची फी भरली जाणार होती, आणि मुदत सोमवारी संपत होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वॉशिंग सेंटरवाला म्हणाला, प्रेशरने पाणी मारतो, दहा मिनिटांत चकाचक. गल्लीतल्या वायरमनने हात जोडले; कनेक्शनमध्ये पाणी गेलं तर गाडी चालूच होणार नाही, म्हणाला. तेजस्वी रसायनशास्त्राची पदवीधर. तेलाचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही, तो डिझेलने सुटतो, साबणाने उतरतो, मग ओल्या फडक्याने पुसायचा. एवढं तर सरळ होतं.

सरळ नव्हते ते भगवानकाका. बाबांचे जुने मित्र, एकेकाळचे ड्रायव्हर, आता नाक्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक. गुरुवारी ते म्हणाले, धुतलेलं इंजिन बघितलं की पार्टीला वाटतं, गळती लपवलीय. शुक्रवारी त्यांनी वायरिंगची भीती घातली. आज सकाळी तर चहाही न घेता बाबांचं नाव घेऊन विचारलं, शंकरने कधी धुतलं होतं का? ते मात्र खरं होतं. बाबा दर रविवारी ट्रक आरशासारखा पुसायचे, पण इंजिनाला फडकं लावायचे नाहीत. ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचे सगळे नंबर पाठ हवेत, असं म्हणायचे आणि इंजिनाचा नंबरही घडाघडा म्हणून दाखवायचे. तो कागदावरचाच असायचा. नंबरावरचा थर त्यांनी कधी पुसला नाही.

लॅबमध्ये एकाच नमुन्याची तीन उत्तरं आली, की तेजस्वी आधी यंत्रावर संशय घ्यायची. काकांना गाडी स्वस्तात घ्यायचीय का, असं तिने आईला हळूच विचारलं.

आई हसली. भगवानभावजी आणि गाडी? त्यांची होती की स्वतःची, आपल्यासारखीच, चांगली चालती. पुराच्या साली भंगारात घातली. डोकं फिरलं म्हणायचे लोक. आणि त्याच साली आपल्या इंजिनात पाणी शिरून ते पार बसलं होतं, तर तुझ्या बाबांनी महिन्याभरात गाडी रस्त्यावर आणली. माणसामाणसात फरक असतो.

तेजस्वीने ब्रश डिझेलमध्ये बुडवला.

काका पायरीवर बसले होते. तिने घासायला सुरुवात केली तसे ते उठले आणि ट्रककडे पाठ करून उभे राहिले. वर्षानुवर्षांचा काळा थर मऊ झाला, ओघळला. ब्लॉकच्या बाजूला एक सपाट पट्टी दिसू लागली, पट्टीवर कोरलेले आकडे. पहिले तीन वाचता आले. तेजस्वीने दुसऱ्या हातातला कागद बघितला. पुन्हा पट्टी बघितली. मग पुन्हा कागद.

"काका, हा नंबर आपल्या गाडीचा नाही."



तिला आता काहीच कळेना. पार्टी हे बघून दारातूनच परत जाणार, एवढं फक्त कळत होतं. बाबांनी पाठ केलेला नंबर या इंजिनाचा नव्हताच. आणि काका तीन दिवस गळती नाही, वायरिंग नाही, ही पट्टी झाकत होते.

"हे चोरीचं आहे का? तुम्हाला माहीत होतं. बाबांनी कुणाचं इंजिन बसवलं?"

"चोरीचं नाही गं, तेजू."

"मग कुणाचं? मी पार्टीला काय सांगू?"

"काय दिसतंय, ते वाच."

"तीन, आठ, शून्य," ती म्हणाली आणि थांबली.

उरलेले पाच आकडे अजून थराखाली होते. पाठमोऱ्या काकांनी ते एकेक करून सांगितले.