चंद्रावरचा डॉक्टर

व्हॉट्सॲपवर लिहून खेळायचा खेळ होता. चंद्रावर नवं गाव वसवायचं आणि आपण घेतलेलं पात्र होऊन बोलायचं. ग्रुप चालवणारा गोकुळ प्रत्येक नव्या माणसाला तोच उपदेश पाजायचा, "भाऊ, आपण कोण हाओत ते पयले विसरा. अथी कोणीबी बनता येते." त्यावर धडाधड अंगठे पडायचे.

अमडापूरच्या अनंतानं दोन दिवस खपून डॉक्टरचं पात्र लिहून पाठवलं.

"जबरदस्त, भाऊ. गावाले डॉक्टरच पाह्यजे होता. खरं आडनाव काय तुमचं?"

अनंतानं सांगितलं.

"अमडापुरात कोणत्या बाजूले राह्यता?"

तेही सांगितलं.

 

"दुसरा डॉक्टर भेटला आपल्याले. तू चंद्रावरची झाडझूड पाह्य."