सरळ जा

काठी टेकत आलेले आजोबा फलकासमोर थांबले. त्यांनी बाण पाहिला, मान वर केली आणि जिना चढायला लागले.

स्वरदाची पेन्सिल जागच्या जागी थांबली. फलक तिचाच होता. ती विद्यापीठात ग्राफिक डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि अड्यारमधल्या या रुग्णालयासाठी दिशा दाखवणारा फलक करणं हे तिचं सत्राचं काम होतं. तमिळ आणि इंग्रजीत ‘फिजिओथेरपी’, शेजारी वर टोक असलेला निळा बाण. त्या बाणाला म्हणायचं होतं, सरळ पुढे जा. विभाग तळमजल्यावरच होता, कॉरिडॉरच्या टोकाला. फलक मात्र लावला होता जिन्यालगतच्या भिंतीवर. तो पाहून लोक कुठे जातात, ते आज ती समोर बसून वहीत टिपत होती.

तिला शिकवणाऱ्या विजयलक्ष्मी मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, “लोकांशी बोलायचं नाही. कुणी चुकलं तरी नाही. तू बोललीस की चाचणी संपली. दुपारी परीक्षकांसमोर हेच मांडायचंय.”

मघाशी एक बाई वर जाऊन परत आली होती. स्वरदानं लिहिलं, ‘घाईत होती.’ मग कमरेला पट्टा बांधलेला एक तरुण. ‘लक्ष नव्हतं.’

आजोबांनी कठडा धरला. एक पाय वरच्या पायरीवर ठेवायचा, दुसरा ओढून त्याच्याशेजारी आणायचा, दम घ्यायचा. लुंगीसारख्या वेष्टीखालून गुडघ्याचं बँडेज दिसत होतं. अर्ध्यावर त्यांची काठी निसटली आणि खडखडत खाली आली.

“आई गं!” स्वरदा धावली.

ती काठी घेऊन वर पोचली तेव्हा ते पायरीवर बसले होते. कपाळावर घाम होता, पण डोळे हसत होते.

“मराठी का गे तू?” त्यांची मराठी जुनी, तंजावरकडची, तमिळ हेलाची. “मी संताजी राव. थेरपी वर आहे म्हणून बाण सांगतो की.”

“वर नाही, आजोबा. सरळ. तो बाण सरळ जा म्हणतोय.”

संताजी रावांनी खाली फलकाकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

“जिन्यापाशी उभा राहून?”

“तो मीच केलाय,” ती कशीबशी म्हणाली.

“सेरी, सेरी, असू दे,” ते म्हणाले. “मग हात दे. उतरायचं आहे.”

त्यांना विभागात सोडून ती मुख्य दारापाशी येऊन उभी राहिली. इतके दिवस तिनं फलकाकडेच पाहिलं होतं. बाणाची जाडी, टोकाचा कोन, निळ्याची छटा. परवा वर्गात मॅडमनी त्याच बाणाचं कौतुकही केलं होतं. आत्ता प्रथमच ती आत येणाऱ्या माणसासारखी पाहत होती. समोर लांबच लांब कॉरिडॉर. टोकाला विभागाचं दार. दारावरची भिंत अगदी कोरी.

तिनं फलक उतरवला, उलटा केला आणि फरशीवर मांडी घालून बसली. मागच्या पांढऱ्या बाजूवर जाड मार्करनं तेच नाव दोन्ही भाषांत लिहायला लागली, तिप्पट मोठी.

मॅडम आल्या तेव्हा शेवटचं अक्षर व्हायचं होतं.

“तू बोललीस कुणाशी तरी.”

“हो, मॅडम. एक आजोबा जिना चढत होते. आणि आधीच्या दोघांबद्दल मी चुकीचं लिहिलं. ते घाईत नव्हते. माझा फलकच त्यांना वर पाठवत होता.”

“बाण कुठाय?”

“मागच्या बाजूला. नकोच आहे तो. दारावर लावला तर फक्त नाव पुरे.”

मॅडमनी त्या अक्षरांकडे पाहिलं. ती एका रेषेत नव्हती; तमिळ नाव तर चक्क उजवीकडे उतरलं होतं.

“परीक्षकांना काय सांगणार आहेस?”

“हेच.”

मॅडम कोपऱ्यातली शिडी ओढत घेऊन आल्या. साडीचा पदर कमरेला खोचून त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. “चढ.”

फलक लागला. स्वरदा अजून शिडीवरच होती, तेवढ्यात मुख्य दारातून एक बाई आत आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात फोन. कुकरच्या किती शिट्ट्या होऊ द्यायच्या, ते घरी कुणाला तरी मोठमोठ्यानं तमिळमध्ये समजावत होती. जिना आला तशी ती त्याच्या कडेनं पुढे निघाली. एकदा समोर पाहिलं. आणि डाळ मऊ झाल्याशिवाय चिंच घालू नकोस, हे वाक्य मध्ये कुठेही न तोडता, शिडीला वळसा घालून बरोबर दारातून आत गेली.