मधल्या फळीवरच्या रेघा

लतीफाने फोटोची काच तिरप्या चौकटीवर ठेवली आणि खालचा आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. काचेत लाकूड उमटलं. एका दाराची मधली आडवी फळी होती ती, आतल्या बाजूची. कॅमेरा इतका जवळ नेलेला की हातभर लाकडाने अख्खी काच भरून गेली होती. वर्षानुवर्षांत शिरा वर आलेलं जुनं सागवान.

तिचा नवरा फय्याज फोटो काढायचा आणि काचा दुरुस्त करायची ती. चेहऱ्यावरचे देवीचे वण, सुरकुत्या, फुटलेले ओठ, सारं तिच्या हाताखालून जाई. काचेवर सगळं उलटं असतं. काळी भेग पांढरी दिसते. ती शिसपेन्सिलीने भरली की छापात नाहीशी होते. या काचेलाही तेवढंच करायचं होतं. जुन्या दाराचा फोटो हाय, भेगा भरून दे, असं फय्याज सकाळी म्हणाला होता. मग त्याने पेन्सिलीशेजारी पातं कशाला काढून ठेवलं, ते तिला कळलं नव्हतं.

ती एकेक भेग भरत गेली. अब्बा गेल्यापासून तिला असं बारीक काम बरं वाटे. त्यांचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा होता.

बाहेर ओट्यावर कापसाच्या जीन कारखान्याचा मुनीम गोविंदसिंग येऊन बसला होता. घराच्या दाराचं एक कवाड लोटलेलं होतं, त्याच्या बाहेरच्या कडीशी त्याचा चाळा चालला होता. फोटो आजच न्यायचा होता त्याला. चौकशीच्या साहेबाने दार जवळून पाहायचं म्हटलं होतं, पण साहेबाचा दौरा लांबला, तेव्हा जीनमालक शेठ फोटोच पाठवणार होते.

"भेगा राहू द्या हो, फय्याजमिया," तो म्हणाला. "मधातले थे उंदराचे ओरखडे तेवढे काढा. सायबाले उगीच शंका नको."

लतीफाची पेन्सिल थांबली.

भेगा लाकडाच्या रेषेने आडव्या गेल्या होत्या. त्यांना छेदून काही रेघा उभ्या उतरत होत्या. काचेवर त्या काळ्या दिसत होत्या, म्हणजे मुळात पांढऱ्या. करड्या लाकडावरची कातडी निघून आतलं ताजं लाकूड उघडं पडलेलं. अशी रेघ पेन्सिलीने जात नाही. ती पात्याने खरवडावी लागते.

तिने भिंग उचललं. एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. त्याखाली पुन्हा एक, मोकळी जागा, दोन. खाली खाली उथळ होत गेलेल्या. तिने आपला उजवा हात काचेवर धरला, मधलं बोट दुमडलं, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

अब्बांच्या उजव्या हाताचं मधलं बोट जीनच्या यंत्रात गेलं होतं. तेव्हापासून शेठने त्यांना कापसाच्या गोदामावर राखणीला ठेवलं. ज्या आगीची चौकशी चालली होती, ती गोदामाला लागली तेव्हा दार उघडंच होतं, म्हातारा धुरात झोपेतच गेला, असं घरी येऊन सांगणारा हाच गोविंदसिंग होता. तिनेही ते खरं मानलं होतं. झोपेत गेले, या एका गोष्टीवर तिने इतके दिवस काढले होते.

फय्याज दाराआड उभा होता. त्याने तिचा हात पाहिला.

"तुमाले मालूम होतं," ती हळू म्हणाली.

त्याने ओट्याकडे नजर टाकली आणि जवळ येऊन बसला. गोदामाचं दार काल शेठने बॉयलरात घातलं, तो कुजबुजला. आता काही उरलं नाही. अब्बा काही परत येणार नाहीत, आणि आपल्याला या गावातच राहायचं आहे.

"ही काच उरली," लतीफा म्हणाली.

बाहेर कडी वाजली. वर गेली, खाली पडली.

"दार लय जुनं झालं तुमचं, फय्याजमिया," गोविंदसिंग म्हणाला. "पर बाहीरची कडी मजबूत हाय. रातच्याले दोघंच असता न घरात?"

 फय्याजने पातं उचलून तिच्यासमोर धरलं. 

लतीफाने ते घेतलं नाही. उरलेल्या भेगा तिने शांतपणे भरल्या. एकही सोडली नाही. फळी कधी वापरलीच नसावी तशी गुळगुळीत झाली, आणि तिच्यावर त्या रेघा तेवढ्या राहिल्या. मग तिने काच उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"तुमीच खरवडा. माह्या अब्बाचे बोटं हायेत हे."

फय्याज काचेकडे पाहत राहिला. कडी वर गेली, खाली पडली. शेवटी त्याने पातं डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. काच छापाच्या चौकटीत घातली, मागे कागद बसवला, आणि चौकट घेऊन तो रेघांसकट फोटो छापायला मागच्या अंगणात उन्हात गेला.

लतीफाने डोक्यावरची ओढणी पुढे घेतली. चुलीजवळचा वाटणाचा पाटा तिने दोन्ही हातांनी फरफटत पुढच्या दारापर्यंत आणला. परक्या माणसासमोर ती कधी आली नव्हती. तिने लोटलेलं कवाड आत ओढलं, तशी कडी गोविंदसिंगाच्या बोटांतून निसटली. कवाड भिंतीला टेकवून तिने त्याला पाटा लावला.

"दार काहून अडकवलं, बाई?"

"उघडं राहू द्या," ती म्हणाली, आणि आत वळली.

गोविंदसिंग उठला. उंबऱ्यापाशी येऊन त्याने आत वाकून पाहिलं, आणि जोड्याच्या टोकाने पाटा जरासा ढकलून पाहिला. पाटा हलला नाही.